नवरीच्या गालामागची खोली

लिफ्ट चालू होती, आणि जेबाला तेच आधी खटकलं. अकरा वर्षं जिच्या जाळीला कोळिष्टकं लोंबली, जिच्या खोक्यात तिच्या थोरल्या भावानं, मुजफ्फरभाईनं, जळक्या मोटारींची तांब्याची तार कोंबून ठेवली होती, ती लिफ्ट आता आरसा लावून, अत्तर मारल्यासारखी घमघमत उभी होती. वरून एक पोरगी गोड आवाजात मजल्यांचे आकडे सांगत होती. जेबानं पिशवी छातीशी धरली आणि तोंड वाकडं केलं. फुकट आलेलं सुख तिला जन्मात कधी पचलं नव्हतं, आणि हे तर बापाच्या मयतीच्या पाठोपाठ आलेलं.

चौथ्या मजल्यावरच्या मथुराबाई भाजीची थैली घेऊन तिच्यासोबत आत शिरल्या.

"आली का बाप्पा पोरी? आज सुटते ना तुही माय?"

"हो मावशी. दिवस बुडला का, मगरीबले, इद्दत पुरी होते. उद्या सकायी तिले घेऊन जाईन पांढरकवड्याले, माह्या घरी."

"ने बाई, ने. चार महिने दहा दिवस म्हन्जे काय गंमत हाय का! आमच्या खिडकीत त्या फ्लेक्सवरल्या नवरीची नुसती मान येते, तरी जीव घाबरते. तुमच्या खिडकीत तर तिचं थोबाड हाय." मथुराबाई हसल्या आणि मग त्यांनी हसू आवरतं घेतलं. "सांजच्याले तुह्या मायचा आवाज येते खाली. बोलत राह्यते, कोनाशी तरी. मी म्हनलं, सून असन सोबत. पन सून तर त्याच टायमाले माह्या दारात येऊन बसते."

चौथा मजला आला. मथुराबाई उतरल्या, दार मिटलं आणि आरशात जेबा एकटीच उरली.

आत शिरण्याआधी ती समोरच्या फुटपाथवर दहा मिनिटं मान वर करून उभी होती. गुलबहार टॉवर म्हणजे एके काळी यवतमाळच्या बाजारपेठेतली सगळ्यांत उंच चीज, सात मजले. मुकुटबनहून एक पेटी घेऊन आलेल्या तिच्या अब्बानं, नजीर मिस्त्रीनं, जळक्या मोटारींत तांब्याची तार भरून भरून पाचव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा अख्खं खानदान नुसतं खिडकीतून खाली बघायला आलं होतं. मग इमारत म्हातारी झाली. गॅलऱ्यांच्या सळ्या उघड्या पडल्या, तिसऱ्या मजल्याचा सज्जा खाली आला, लोक सोडून जायला लागले. गेल्या वर्षी सोसायटीनं कंबर कसली. खांब नव्यानं भरले, गिलावा झाला, चिकूचा रंग लागला, लिफ्ट बसली. हे सगळं एका जाहिरात कंपनीनं करून दिलं, आणि बदल्यात पश्चिमेची अख्खी भिंत घेतली.

त्या भिंतीवर, तिसऱ्या मजल्यापासून सहाव्यापर्यंत, सोनसळी ज्वेलर्सची नवरी उभी होती. तिची नथ ट्रॅक्टरच्या चाकाएवढी. कपाळावरची बिंदी सहाव्या मजल्याच्या छताशी. आणि तिच्या डाव्या गालामागं, पाचव्या मजल्यावर, जेबाची आई राहत होती.

आता खरं सांगायचं तर या पापात जेबाचाही हात होता. जानेवारीत अब्बा गेले. अम्मी इद्दतीत बसली; चार महिने दहा दिवस विधवेनं घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. तिच्या खोलीच्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, स्पर्धा परीक्षेवाल्या पोट्ट्यांची अभ्यासिका. पुस्तकातून डोकं वर काढलं की नजर सरळ अम्मीच्या पलंगावर. मुजफ्फरभाईनं फोन केला होता, "कंपनीवाला सही मागून राह्यला. फ्लेक्स लागलं तर अम्मीले आपोआप पर्दा होईन. तू काय म्हन्तं?" आणि जेबा, शाळेत पोरांना प्रकाशाचा धडा शिकवणारी जेबा, म्हणाली होती, "बरं झालं. लावून टाका." नवऱ्याच्या दुःखात बसलेल्या बाईला चार महिने उजेडच मिळणार नाही, हे त्या वेळी एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्यांना पर्दा दिसला. खिडकी कुणालाच दिसली नाही.

दार निलोफरभाभीनं उघडलं. मुजफ्फरची बायको, मूळची दारव्ह्याची, एरवी दिवसभर टकळी चालवणारी. आज तिनं नुसतं "या आपा" म्हटलं आणि पिशवी घेतली. बैठकीत मुजफ्फरभाई जमिनीवर कागद पसरून बसला होता. दुकानातून तसाच आलेला, बोटांना वार्निशाचा वास.

"आली? बस. पानी दे वं हिले."

"हे काय हाय?"

"करार. आधी नुसता सहा महिन्याचा होता. आता पाच सालाचा करून राह्यले. घर अम्मीच्या नावावर, म्हनून अम्मीची सही लागते."

जेबाच्या हातातला गिलास तसाच राहिला. "पाच साल? भाईजान, आज इद्दत सुटते. मी तं म्हनलं उद्यापासून ते नवरी उतरते."

"अम्मीलेच पाह्यजे ते."

"अम्मीले?"

"विचार तिले." मुजफ्फरनं नजर कागदावरच ठेवली. "आन् दुसरी गोष्ट. ते तुह्यासोबत येनार नाही म्हन्ते. इद्दत सुटत नाही म्हन्ते."

"सुटत नाही म्हन्जे? दिवस मोजले ना आपुन!"

"मी मोजले, मौलानांनी मोजले. अम्मी म्हन्ते, इद्दत मेलेल्याची असते, तुहा बाप कुठी मेला?"

जेबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती निलोफरकडं वळली, तर निलोफर स्वयंपाकघरात निघून गेलेली. जेबा तिच्यामागं गेली. पातेल्यात भात करपायच्या बेतात होता आणि भाभी गॅसकडं न बघता भिंतीकडं बघत उभी होती.

"भाभी, खरं सांग. काय चालू हाय या घरात?"

"काय सांगू आपा?" निलोफरनं गॅस बारीक केला. "दुपारनंतरची असरची नमाज झाली का अम्मी खिडकीसमोर बसते. पलंग फिरवून घेतला तिनं, खिडकीकडे पाय नको म्हने. मी आत गेली का म्हन्ते, आधी आवाज देत जा, ते बसले असतात. पह्यलं मले वाटलं, म्हातारपन हाय, दुःख हाय. मंग एक दिवस मी चाय द्याले गेली. साडेपाच वाजले असतीन." तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. "मी पाह्यलं आपा. माह्या डोयानं पाह्यलं. त्या दिवसापासून त्या टायमाले मी घरात थांबत नाही."

"काय पाह्यलं?"

"पाच वाजून गेले. तुम्हीच जाऊन पाहा."

जेबानं कपाळावर हात मारला. घर शिकलेलं, लोक शहाणे, आणि बोलणं असं! ती पुन्हा बैठकीत आली. "भाईजान, तुमाले हे सारं मालूम होतं. डॉक्टरले दाखवाचं सोडून सही घेऊन राह्यले तिची?"

मुजफ्फरनं पसरलेले कागद एकावर एक रचले. मग म्हणाला, "मार्चात केळापूरहून एक मोटार आली होती. जुनी, कंपनी बंद झालेली. अब्बानंच भरली होती पंधरा सालाआधी. तारेचे वेढे किती द्याचे ते कुठीच लिवलेलं नाही, सारं त्याइच्या डोक्यात. मी तीनदा भरली, तीनदा जयली. घरी येऊन नुसतं बोललो. दुसऱ्या दिवशी अम्मी म्हनली, 'बासष्ट दे. तुह्या अब्बाले विचारलं मी.'"

"मंग?"

"बासष्ट दिले. चालू झाली."

"अरे, चाळीस साल त्या बाईनं घरात वेढे मोजताना आयकलं हाय! रात्रंदिवस अब्बा मोठ्यानं मोजत. तिच्या ध्यानात राह्यलं असन."

"मीबी असंच म्हनलं सोताले," मुजफ्फर म्हणाला. "मंग त्याच्यानंतर अजून चारदा विचारलं." हे बोलताना त्याचा चेहरा पोराएवढा झाला. दुकान बापाशिवाय चालत नव्हतं, आणि त्याला बाप या खोलीत सापडला होता. जेबाला त्याचा राग आला, आणि रागाच्या खाली कुठंतरी हेवाही वाटला. तिला या चार महिन्यांत बाप स्वप्नातसुद्धा दिसला नव्हता.

ती अम्मीच्या खोलीशी गेली. दार लोटताना नकळत तिनं आवाज दिला, "अम्मी, मी आली," आणि आवाज दिल्याबद्दल मनात स्वतःलाच शिवी हासडली.

खोली भट्टीसारखी तापलेली. जून लागला तरी पारा त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हता, आणि कंपनीवाल्यांनी लोखंडी सांगाडा ठोकताना खिडकीतला कूलर काढून ठेवला होता. जाळीमधली कूलरची चौकट नुसतीच उघडी. पलीकडे हातभर अंतरावर फ्लेक्सची पाठ, मळकट पांढरी, खिडकी भरून. उजेड होता, पण तो कुठून येतो ते कळत नव्हतं. सगळी खोली दुधात हळद टाकल्यागत पिवळी. अम्मी, बिस्मिल्लाबी, पांढऱ्या साडीत पलंगावर ताठ बसली होती. चार महिन्यांत ती वाळली नव्हती, खंगली नव्हती. उलट चेहऱ्यावर तेज होतं. जेबाला त्या तेजाचीच जास्त भीती वाटली.

"ये. हयू बोल," बिस्मिल्लाबी म्हणाली. "गाडी टायमावर भेटली का?"

"भेटली. अम्मी, मी तुह्यासाठी साडी आनली. आंग धू, नेस, उद्या आपुन निंघू. पोरं वाट पाहून राह्यले तुही."

"पोराइले इथी घेऊन ये. नानाइले भेटतीन."

जेबा तिच्या पायाशी खाली बसली. "अम्मी, अब्बा गेले. जानेवारीत गेले. मी होती इथी. तूच त्याइच्या डोयावर हात फिरवला."

"हो ना. फिरवला." अम्मीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, अगदी नेहमीसारखा, जड आणि गरम. "मीबी तसंच म्हन्त होती पह्यले. चूप बस आता. येऊन राह्यले."

जेबानं खिडकीकडं पाहिलं.

ऊन खाली उतरलं होतं. फ्लेक्सच्या पलीकडून सूर्य सरळ अंगावर आला आणि मळकी पाठ हळूहळू उजळली. आधी नवरीच्या गालाचा गुलाबी रंग आला. मग नथीच्या मोत्यांची गोल छाया. आणि मग त्या गालाच्या आतून, खोल विहिरीतून कुणी वर यावं तशी, एक भुवई आली. दुसरी आली. डोळे आले. दाढी आली. नवरीचं हसू त्या दाढीवर तसंच तरंगत राहिलं, पण डोळे तिचे नव्हते. टोपी किंचित डावीकडं कललेली. अब्बा टोपी उजवीकडं कलवत, एवढाच फरक. आरशात दाढी विंचरताना पाठीमागून दिसायचे तसे हुबेहूब. तो चेहरा जेबाच्या कमरेएवढा उंच होता आणि तो तिच्याकडंच बघत होता.

त्रेचाळीस डिग्रीत तिचे दात वाजायला लागले.

"पाह्य, ओयखलं त्याइनं तुले," अम्मी म्हणाली.

जेबा उठली ती भिंत धरून बाहेर आली. बैठकीत आता जमीरही होता. सगळ्यांत धाकटा, फ्लेक्सच्या दुकानात कामाला. ही नवरी भिंतीवर चढवणाऱ्या टोळीतही तो होताच. त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. तो बाहेर पडला आणि जिन्यानं वर निघाला. जेबाला लहानपणापासून ठाऊक होतं, जमीर वर पळाला म्हणजे त्यानं काहीतरी केलेलं असतं.

गच्चीवर तो कठड्याशी, नवरीच्या बिंदीच्या बरोबर वर बसला होता.

"बोल," जेबा म्हणाली.

"आपा, मी मुद्दाम नाही केलं."

"काय नाही केलं? बोल लवकर, नाही तं इथीच दोन लावीन तुले."

"ते चौकातलं फ्लेक्स हाय. अब्बाच्या मयतीचं. मोहल्ल्यानं लावलं होतं ना, भावपूर्ण श्रद्धांजली. पंधरा दिवसानं उतरवलं तं आमच्याच दुकानात आलं." जमीरनं मांडीवर हात घासले. "जुन्या फ्लेक्सचं काय होते तुले मालूम हाय का? सोयाबीनच्या गंजीवर टाकतात. बकऱ्याच्या कोठ्यावर टाकतात. मी एकदा पाह्यलं, कोनाचा तरी आजा, हार घातलेला, आन् त्याच्या तोंडावर बकऱ्या मुतून राह्यल्या. मी अब्बाले तसं नाही होऊ देनार म्हनलं. घडी करून ठेवलं. मंग हे नवरी चढवली तवा पाचव्या मजल्यावर हवा लय मारे, फ्लेक्स फुगे. तिथी मांगून दुसरं बांधा लागते. मी म्हनलं, अब्बाले घरीच न्याव. तोंड नवरीच्या पाठीकडे केलं, म्हन्जे कोनाले दिसनार नाही. ना रस्त्यावरून, ना आतून. ऊन समोरून आलं का दिसन, हे माह्या ध्यानातच नाही आलं आपा."

जेबाला हसावं की रडावं ते कळेना. एवढ्या मोठ्या भयाच्या पोटातून निघालं काय, तर एक वेडं, मायाळू पोरगं! तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच हातानं त्याला जवळ घेतलं.

"चार महिने चूप काहून राह्यला?"

"अम्मी खूश होती. जेवत होती. अब्बा गेल्यावर पंधरा-वीस दिवस तिनं धड घास नाही घेतला, आठवते का? मंग फ्लेक्स लागलं आन् ते जेवाले लागली. मी कसा सांगू?"

"आज सांगाचं. पाच साल ते बाई त्या भट्टीत बसन, जमीर. मरून जाईन तिथी. सही व्हाच्या आधी सांगाचं. चाल."

खाली आल्यावर जेबानं सगळं मुजफ्फरला आणि निलोफरला सांगितलं. निलोफर मटकन बसली आणि "या अल्ला, मी कुठी कुठी मन्नत बोलली" म्हणून रडत हसायला लागली. आता ती जेबाच्या बाजूची झाली होती. मुजफ्फर मात्र भडकला, पण जमीरवर नाही, जेबावर.

"कायले सांगाचं तिले? कोनाचं काय बिघडते? दुसऱ्यांदा मारतं का तू अब्बाले?"

"मी जित्या बाईले वाचवून राह्यली भाईजान. मेलेल्याचं मंग पाहू."

चौघं खोलीत गेले. मुजफ्फर शेवटी, कागद हातात धरूनच. खिडकीतला चेहरा आता फिकट होत चालला होता. सूर्य समोरच्या गच्चीवरच्या टाकीच्या आड सरकला होता.

जमीर आईसमोर उभा राहिला आणि घडाघडा बोलून गेला. फ्लेक्स, चौक, बकऱ्या, हवा, ऊन. काही लपवलं नाही. बिस्मिल्लाबीनं सगळं शांतपणे ऐकलं.

"चौकात लागलं होतं म्हन्तं? मी कुठी पाह्यलं मंग?"

"तू इद्दतीत होती अम्मी. तुले कसं दिसन?"

"हो. मले नाही दिसलं." ती खिडकीकडं वळली. "काढ. दाखव मले."

तिच्या आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हललं, आणि जेबाला वाटलं, झालं, सुटली. आईच्या मनाचं दार उघडलं. जेबानं तिचा हात धरून ठेवला, कारण आता ती कोसळणार आणि आपण तिला सावरायचं, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं.

जमीरनं कूलरच्या चौकटीतून कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. मुजफ्फरनं त्याचे पाय धरले. ब्लेडनं एकेक दोरी कापत जमीरनं मागचं फ्लेक्स ओढलं. ते सहज येईना. नवरीला ते घट्ट चिकटलं होतं. ओढताना चर्रर्र आवाज होत होता, जखमेवरची पट्टी ओढावी तसा. शेवटी एकदाचं ते आत आलं आणि त्यानं ते जमिनीवर पसरलं.

हार होता. हिरवी चौकट होती. ठळक लाल अक्षरं होती. पांढरी टोपी होती, गालांचा गव्हाळ रंग होता. पण त्या चेहऱ्याला डोळे नव्हते. भुवया नव्हत्या. दाढीच्या जागी पांढरे पापुद्रे. कणकेच्या गोळ्याला टोपी घालावी तसं ते तोंड जमिनीवर पडलं होतं.

"या अल्ला," निलोफर पुटपुटली, आणि ती खाली बघत नव्हती.

सगळ्यांनी खिडकीकडं पाहिलं. सूर्य टाकीआड होता. पाठीमागून उजेड नव्हता. तरी नवरीच्या पांढऱ्या पाठीवर, खिडकीच्या बरोबर मधोमध, दोन डोळे होते, दोन भुवया होत्या, आणि दाढी होती. बाकी काही नाही. आता ते गुलाबी गालाच्या आतून येत नव्हते. ते समोर होते, उघडे, हातभरावर.

"रंग धरला," जमीर म्हणाला. "दोन तोंडं एकमेकावर राह्यली, चार महिने ऊन लागलं. शाईचा काया रंग गर्मीनं आधी सुटते. दुकानात असं होते कधी कधी. खरंच होते आपा."

जेबाला ठाऊक होतं की तो खरं बोलतोय. तिनं हेच एखाद्या पोराला वर्गात समजावून सांगितलं असतं. मुजफ्फर एकेक पाऊल मागं सरकत दाराला टेकला होता.

बिस्मिल्लाबी पलंगावरून उतरली. जमिनीवरच्या फ्लेक्सजवळ बसली आणि त्यावरून हात फिरवला. तिला मराठी वाचता येत नव्हतं, उर्दू तेवढं येत होतं.

"काय लिवलं हाय, वाच."

"अम्मी..."

"वाच म्हनलं ना."

जेबानं वाचलं. "मर्हूम नजीर मिस्त्री यांना भावपूर्ण श्रद्धांजली." तारीख वाचली. मोहल्ल्याचं नाव वाचलं.

"हे मयतीचं हाय."

"हो अम्मी."

"आन् याच्यात ते हायत का?"

"अम्मी, रंग तिकडे चिकटला..."

"ते मी आयकलं. याच्यात ते हायत का नाही, तेवढं सांग."

जेबानं त्या बिनडोळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. खोटं बोलता आलं असतं, पण आईपुढं तिला ते कधी जमलं नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"मंग कोनाच्या मयतीचं हाय, मले मालूम नाही." बिस्मिल्लाबीनं फ्लेक्सची घडी घातली, धुतलेली चादर घडी करावी तशी कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि जमीरच्या हातात दिली. "जाय, टाकून दे बकऱ्यावर. आन् आयक, रडू नको. तूच आनलं त्याइले घरी. दुवा लागन तुले माही. मुजफ्फर, कागद आन."

"अम्मी, पाच साल!" जेबा ओरडली. "हे नवरीबी राह्यनार नाही. कंपनी दुसरी जाहिरात लावन."

"उतरवून लावन का?"

जमीर खाली मान घालून म्हणाला, "तसं सांगितलं तं वरूनबी बांधतात. जुन्यावर नवं."

"मंग वरून बांधा. लिवून घे मुजफ्फर, हे उतरवाचं नाही."

"अम्मी, दोन-दोन फ्लेक्स! एवढासाही उजेड येनार नाही इथी."

"कायले पाह्यजे उजेड? आता तं तसेच दिसून राह्यले."

तिनं पलंगाच्या कडेवर कागद ठेवून सही केली, उर्दूत, सावकाश, एकेक अक्षर गोल काढत. मुजफ्फरनं कागद उचलला आणि न वाचताच घडी करून खिशात घातला. त्याला पाहिजे ते मिळालं होतं, आणि त्याच्याकडं बघून तसं मुळीच वाटत नव्हतं. जेबा तिथंच बसली. आईला बाहेर काढायला आली होती ती, आणि आईच्या दाराला शेवटची कडी तिनंच घातली होती. खरं सांगण्याचा हट्ट तिचा, फ्लेक्स ओढायला लावलं तिनं, आणि "नाही" हा शब्दही तिचाच. तिला हंबरडा फोडावासा वाटला, पण या खोलीत मोठ्यानं रडायची लाज वाटली. कुणाची लाज, ते तिला सांगता आलं नसतं.

"आल्यापासून पाहून राह्यली मी," अम्मी म्हणाली. ती पुन्हा पलंगावर ताठ बसली होती, पाय आखडून. "एवढी शिकली, मास्तरीन झाली, बापाले सलाम नाही केला तू अजून."

"अम्मी, नको ना."

"ते वाट पाहून राह्यले."

जेबानं मान वर केली. हे फ्लेक्स नाही, रंग नाही, ऊन नाही, असं ती मनाशी म्हणत होती. की हे नुसतं फ्लेक्स आहे, रंग आहे, ऊन आहे, असं म्हणत होती, तिलाच कळेना. ते दोन डोळे तिच्याकडं बघत होते. लहानपणी परीक्षेचा निकाल घेऊन दारात उभी राहिली की बघत तसे, न रागावता, नुसते थांबलेले. तिचा हात आपोआप वर गेला आणि तिनं पदर डोक्यावर घेतला.

"अस्सलामु अलैकुम, अब्बा," ती म्हणाली.

आणि खोलीतले पाचही जण जवाबासाठी थांबले.